धुराड्यावरची केशरी बाई

नमस्कार, श्रोतेहो. रेडिओवरून चित्र दाखवायचं म्हणजे फोनवरून पुरणपोळी वाढायचा प्रकार. तरी करून बघू.

चित्र चौकोनी आहे. साधारण चार फूट बाय चार फूट, उंची-रुंदी जवळजवळ सारखीच. त्या चौकोनात एक तरुणी झोपलीय. आडवी पसरलेली नाही, बसल्या जागी मुटकुळं करून, पाय वर घेऊन, डोकं स्वतःच्याच दंडावर टाकून. अंगात केशरी झगा, इतका झिरझिरीत की खालचं अंग कळतं आणि वरच्या चुण्याही मोजता येतात. मागे समुद्र, त्यावर डोळे दिपवणारं ऊन. आणि वर उजव्या बाजूला कण्हेर. हो, आपलीच कण्हेर, हायवेच्या दुभाजकावर लावतात ती, गुरंही जिला तोंड लावत नाहीत ती. झोपलेल्या बाईच्या उशाशी विषारी फुलं ठेवण्यात चित्रकाराचा काही हेतू होता का, यावर जाणकारांनी पुष्कळ लिहिलंय. तुम्ही मात्र रंग लक्षात ठेवा. केशरी. गोष्ट पुढे जाईल तसा हा रंग कामाला येणार आहे.

चित्राचं नाव ‘फ्लेमिंग जून’. जळता जून म्हणा. आपल्याकडे जून म्हटलं की छत्र्या, शाळेची वह्या-पुस्तकं आणि रेल्वेचे खोळंबे. हा जून भूमध्य समुद्राकाठचा, रणरणता. चित्रकार सर फ्रेडरिक लेटन, इंग्रज. जन्म 1830 चा, यॉर्कशायरमधल्या स्कारबरो गावचा. पंचविशीत त्याने पाठवलेलं पहिलंच मोठं चित्र खुद्द व्हिक्टोरिया राणीने सहाशे गिनींना, म्हणजे तेव्हाच्या इंग्रजी नाण्यांना, घेतलं. 1878 मध्ये तो रॉयल अकॅडमीचा, म्हणजे लंडनच्या नामांकित कलासंस्थेचा, अध्यक्ष झाला आणि मरेपर्यंत राहिला. लंडनला केन्सिंग्टन भागात त्याने घर बांधलं, त्यात एक आख्खं दालन अरबी थाटाचं, दमास्कसहून आणलेल्या निळ्या-हिरव्या फरशांचं, मधोमध कारंजं. एवढ्या मोठ्या घरात झोपायची खोली मात्र एकच. लग्न केलं नव्हतं. मला विचाराल तर पाहुण्यांना मुक्काम करू न देण्याचा यापेक्षा सभ्य मार्ग नाही.

आता ही बाई त्याला सुचली कशी? आधी दुसऱ्याच एका चित्रातल्या संगमरवरी हौदावरच्या कोरीवकामात तिला बसवायचं चाललं होतं. तिथून ती सुटी झाली. आणि ही बसण्याची तऱ्हा, लेटननेच सांगितलंय, ठरवून काढलेली नव्हे. मॉडेल म्हणून बसलेली मुलगी दमली आणि आपसूक अशी वळकटी होऊन पडली, अंग फार लवचिक होतं तिचं. लेटनने ते टिपलं. मग त्याची शिस्त सुरू झाली. आधी कपड्यांविना रेखाटनं, मग कपड्यांसह, मग रंगाची छोटी चाचणी, मग मोठा कॅनव्हास. जमलेलं क्षणात होतं, पण जमवायला महिने लागतात. आजकाल रंगाच्या दोन पट्ट्या ओढून ‘अंतर्मनाचा प्रवास’ असं नाव देणाऱ्यांनी हे ऐकावं. असो, आज तो विषय नाही.

रॉयल अकॅडमीच्या 1895 च्या उन्हाळी प्रदर्शनात चित्र लागलं. ‘द ग्राफिक’ नावाच्या सचित्र साप्ताहिकाने ते विकत घेतलं आणि नाताळच्या अंकाबरोबर रंगीत छापून वाचकांना दिलं. म्हणजे घरोघरच्या भिंतींवर ही केशरी बाई गेली. लेटनला हृदयविकार होता. 24 जानेवारी 1896 ला त्याला लॉर्ड केलं, दुसऱ्या दिवशी तो गेला. एक दिवसाचा लॉर्ड! मूलबाळ नसल्याने पदवीही तिथेच संपली. त्याची अंत्ययात्रा सेंट पॉलच्या कॅथेड्रलकडे निघाली तेव्हा ‘ग्राफिक’वाल्यांनी हे चित्र आपल्या कचेरीच्या खिडकीत लावून ठेवलं होतं.

हे सगळं झरझर सांगितलं, कारण मला ज्या गोष्टीकडे यायचं होतं ती आता आली.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चित्र काही काळ ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात उसनं होतं. मग तिथून निघालं आणि गडप झालं. चोरी नाही, आग नाही, खटला नाही. नुसतं गडप. ज्याचं छापील चित्र हजारो घरांत, त्याचं मूळ कुठे आहे हे कुणाला ठाऊक नाही आणि कुणाला विचारावंसंही वाटत नाही. कारण तोवर व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं सगळंच लोकांना जड, दिखाऊ, आजोबांच्या मिशांसारखं वाटायला लागलं होतं. पिकासो आला होता, दोन महायुद्धं होऊन गेली होती. झोपलेल्या बाईकडे बघायला फुरसत कुणाला?

आणि मग 1960 च्या सुमारास, लंडनच्या बॅटर्सी भागात, एका घराचं काम निघालं. खोलीतल्या शेकोटीच्या धुराड्यावर फळ्या ठोकून बंद केलेली जागा कामगारांनी फोडली. आत सोनेरी चौकट, चौकटीत केशरी बाई. झोपलेली!

कुणी बंद केली, कधी, का? मूर्ती संकटात विहिरीत लपवतात तसं लपवलं म्हणावं, तर लपवण्याएवढी किंमतच उरली नव्हती तिची. मला वाटतं खोली नव्या फॅशनची करायची होती, चित्र अवजड होतं, काढून ठेवायचं कुठे, तर मारा फळ्या. आपण नाही का माळ्यावर ढकलतो?

बरं, सापडल्यावर तरी काय झालं? चौकटीची किंमत चित्राहून जास्त झाली. पुन्हा सांगतो, चौकटीची. सोनेरी नक्षीदार लाकडाला गिऱ्हाईक होतं, आतल्या बाईला नव्हतं. मुंबईच्या चोरबाजारात उभे राहा, अजून हेच दिसेल. जुना ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्राची रंगीत छापील नक्कल, काढून फेकतात आणि सागवानी फ्रेमला आरसा लावून विकतात. आणि पुनर्विकासाच्या धांदलीत तर विचारूच नका. आजीचा शिसवी पलंग भंगारवाल्याला किलोच्या भावाने, आणि वर्षभराने तसलाच पलंग ‘अँटिक’ म्हणून दुकानातून हप्त्यावर. माझं यावर स्पष्ट मत आहे. घर रिकामं करताना निर्णय घेणाऱ्याला एक दिवस उपाशी ठेवून मग निर्णय घ्यायला लावावा, म्हणजे घाई कमी होते की वाढते ते कळेल. जाऊ दे.

तर बाई दुकानांतून फिरू लागली. एका दुकानात ती एका पोराच्या नजरेला पडली. पोरगा चौदा-पंधराचा असेल नसेल, जुन्या इमारतींचं नि चित्रांचं वेड असलेला. किंमत पन्नास पौंड. खिशात पैसे नाहीत. तो घरी आजीकडे गेला, म्हणाला, पन्नास पौंड उसने दे, असं असं चित्र आहे. आजीने साफ नाही म्हटलं. माझ्या घरात व्हिक्टोरियन अडगळ नको! झालं. पोरगा हात चोळत बसला. तो पोरगा म्हणजे पुढे संगीत नाटकांनी जगभर नाव आणि पैसा दोन्ही कमावलेला अँड्र्यू लॉइड वेबर. ही हकीकत तो स्वतःच सांगतो. पुढे त्याने व्हिक्टोरियन चित्रांचा केवढा मोठा संग्रह केला, 2003 मध्ये तो रॉयल अकॅडमीत मांडला गेला. पण ही बाई त्यात नाही. आजीची ‘नाही’ किती महाग पडते बघा. मी आजीला मात्र दोष देणार नाही. तेव्हा सगळं लंडनच तिच्या बाजूचं होतं.

चित्र लिलावात ठेवलं, किमान बोलीही आली नाही. शेवटी ते जेरेमी मास या विक्रेत्याकडे पोचलं. व्हिक्टोरियन चित्रांना कुणी विचारत नसताना ती जमवणारा हा माणूस. आणि 1963 साली त्याच्या दालनात आले लुई फेरे. कुठले? लंडनचे नाहीत, पॅरिसचे नाहीत. कॅरिबियन समुद्रातल्या पोर्तो रिकोचे! शिक्षणाने इंजिनिअर, धंदा सिमेंटचा, हौस पियानोची. पुढे तिथले गव्हर्नरही झाले. आपल्या पोन्से गावी त्यांनी 1959 मध्ये एका घरात संग्रहालय उघडलं होतं आणि ते भरायला युरोपात हिंडत होते. पैसा बेताने, म्हणून ज्याला भाव नाही त्यातलं उत्तम शोधायचं, हे त्यांचं धोरण. केशरी बाई पाहिली आणि घेतली. दोन हजार पौंड.

लंडनला जी फुकट नको होती, ती बोटीत बसून पोन्सेला गेली.

तिथे 1965 मध्ये एडवर्ड ड्युरेल स्टोन या अमेरिकन वास्तुविशारदाने संग्रहालयाची नवी इमारत उभी केली, षट्कोनी दालनांची, वरून उजेड येणारी. फेरेंनी केशरी बाई घेतली त्याच वर्षी, म्हणजे 1963 मध्येच, बर्न-जोन्स या इंग्रज चित्रकाराचं, ब्रिटनच्या दंतकथांतल्या आर्थर राजाच्या अखेरच्या निद्रेचं प्रचंड चित्रही मिळवलं होतं. एका संग्रहालयात दोन झोपलेली माणसं, दोन्ही ब्रिटनने झटकलेली. आज पोन्सेची ओळख म्हणजे ही केशरी बाई. जगभर तिच्या उश्यांचे अभ्रे निघालेत, चहाचे मग आणि फ्रिजची मॅग्नेट निघाली आहेत. अभ्र्यांना माझा विरोध आहे. झोपलेल्या माणसाच्या तोंडावर आपण डोकं टेकू नये.

जानेवारी 2020 मध्ये पोर्तो रिकोला भूकंप झाला, 6.4 चा. संग्रहालयाच्या इमारतीला इजा झाली, दालनं बंद करावी लागली. तेव्हा बाईला प्रवासाला पाठवलं. आधी न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन, मग 2024 मध्ये लंडन, रॉयल अकॅडमी. जिथे 1895 ला पहिल्यांदा लागली होती तीच संस्था, आणि या वेळी तिकडचे लोक बघायला.

आणि एक राहिलंच. या चित्रातल्या डोक्याचं पेन्सिलीने केलेलं रेखाटन. लंडनबाहेरच्या एका जुन्या वाड्यात, झोपायच्या खोलीच्या दाराआड ते टांगलेलं होतं. मालकीणबाई वारल्यावर झाडाझडतीत मिळालं, 2015 मध्ये लिलावात गेलं. दार उघडं राहिलं की ते झाकलं जाई. या वेळी किमान बोली लागायला वाट बघावी लागली नाही.

चित्र नेटवर मोठं करून बघा. आधी केशरीत हरवा, मग वर उजवीकडे कण्हेर शोधा. नमस्कार.