मॉरिटानियाचा व्हिसा आणि पिवळं कार्ड

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचंय ते मॉरिटानिया या देशात जायच्या कागदपत्रांबद्दल. मॉरिशस नव्हे बरं का, मॉरिटानिया. मॉरिशसला आपली मराठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात आणि तिथे फिरायला जाताना आधी व्हिसा काढावा लागत नाही. मॉरिटानियाचं तसं नाही. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा हा देश, एका अंगाला अटलांटिक महासागर आणि आत सगळा सहारा. आपला महाराष्ट्र तीनदा मावेल एवढा विस्तार आणि वस्ती साधारण पन्नास लाख.

आपल्याकडून तिथे जाणारेही आहेत. खनिज लोखंड न्यायला आलेल्या जहाजांवरची मुलं नुआधिबू बंदराला लागतात. मासळीच्या कारखान्यांत यंत्रं सांभाळायला कुणी जातं. आणि अलीकडे हौशी प्रवासीही विचारायला लागलेत. झुएरातच्या खाणींपासून समुद्रापर्यंत सातशे किलोमीटर धावणारी, दोन-दोन किलोमीटर लांबीची मालगाडी त्यांना बघायची असते. शिंगेत्तीची जुनी ग्रंथालयं बघायची असतात, वाळूच्या दारात शेकडो वर्षं जपलेली हस्तलिखितं. १९९६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे ते गाव. माझं फार दिवसांचं म्हणणं आहे की आपल्या शाळेत आफ्रिका एका धड्यात उरकतात. सहारा, नाईल, पिरॅमिड, झालं. इतका मोठा खंड, आणि मुलांना त्यातल्या चार देशांच्या राजधान्या सांगता येत नाहीत. भूगोलाच्या तासाला नकाशा भिंतीवर टांगलाच पाहिजे, गुंडाळून कपाटावर ठेवायला नाही तो.

असो. व्हिसा.

पूर्वी राजधानी नुआकशॉटच्या विमानतळावर उतरलं की तिथल्या तिथे व्हिसा मिळायचा. ते आता बंद झालं. ५ जानेवारी २०२५ पासून ई-व्हिसा लागतो. पुन्हा सांगतो, आता उतरल्यावर बघू असं चालत नाही, घरून निघण्याआधी ऑनलाइन अर्ज करायचा. मॉरिटानियाच्या सरकारी संकेतस्थळावर अर्ज भरायचा, पासपोर्टचं पान आणि फोटो जोडायचा, मंजुरीचं पत्र ईमेलवर येतं. ते छापून घ्यायचं. उतरल्यावर बोटांचे ठसे घेतात, फोटो काढतात, शुल्क रोख घेतात आणि मग पासपोर्टवर व्हिसा चिकटतो. शुल्कासाठी युरोच्या स्वच्छ, न फाटलेल्या नोटा जवळ असू द्या. पासपोर्टची मुदत सहा महिने तरी शिल्लक हवी, हे घरोघरी माहीत आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्या राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू तिथे गेल्या होत्या. तेव्हा दोन्ही देशांत व्हिसामाफीचा करार झाला, पण तो राजनैतिक आणि सरकारी पासपोर्टांपुरता. तुमच्या-माझ्या निळ्या पासपोर्टाला व्हिसा लागतोच. आपला दूतावास आता नुआकशॉटमध्येच आहे, त्याचा पत्ता आणि फोन लिहून ठेवा. आणि शेजारच्या सेनेगलचा व्हिसा असला म्हणून मॉरिटानियाचं दार उघडत नाही. पश्चिम आफ्रिकी देशांच्या संघातून मॉरिटानिया २००० सालीच बाहेर पडला.

नावाचं एक सांगतो. आपल्याकडे नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि मग आडनाव. पासपोर्टात पहिली दोन नावं एकाच रकान्यात असतात. अर्ज भरताना मधलं नाव गाळू नका. पासपोर्टात जसं आहे तसंच, त्याच क्रमानं, त्याच स्पेलिंगनं. आपल्याकडे एकाच माणसाचं नाव रेशनकार्डावर एक, बँकेत दुसरं, दाखल्यावर तिसरं असतं आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. ही सवय मोडायला हवी.

आत गेल्यावर रस्त्यावर ठिकठिकाणी पोलिसांच्या चौक्या लागतात. प्रत्येक चौकीवर तुमची माहिती उतरवून घेतात. नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर, व्हिसा नंबर, धंदा. हे सगळं एका कागदावर फ्रेंचमध्ये टाइप करून त्याच्या भरपूर झेरॉक्स न्यायच्या. तिथे त्याला फिश म्हणतात. गाडी थांबली की खिडकीतून एक फिश द्यायची, शिपाई ती घेतो आणि गाडी पुढे. फिश नसली तर तो वहीत हातानं लिहीत बसतो आणि मागची माणसं उन्हात ताटकळतात. मोबाइलमधला फोटो इथे कामाचा नाही, कागद हवा.

दारू न्यायची नाही. इस्लामी प्रजासत्ताक आहे, कायद्यानं बंदी आहे, विमानतळावरच्या दुकानातून घेतलेली सीलबंद बाटलीसुद्धा चालत नाही. ड्रोन परवानगीशिवाय नाही. तिथलं चलन उगिया, ते देशाबाहेर आणता येत नाही, तेव्हा लागेल तेवढंच बदलून घ्या. आणि मालीच्या सीमेकडच्या पूर्व भागात जायचा विचारही करू नका, तो भाग धोक्याचा आहे.

जाण्याचं एवढंच. आता येण्याचं सांगतो, आणि आज मी खरं तर त्यासाठीच आलोय.

माझी धाकटी बहीण रत्नागिरीला असते. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, शीतगृहाच्या यंत्रांचं काम करतो. अमोनियाचे कॉम्प्रेसर उघडून पुन्हा बसवण्यात त्याचा हात धरणारा आमच्या बाजूला कुणी नाही. त्याला नुआधिबूला मासळी गोठवण्याच्या कारखान्यात काही महिन्यांचं काम मिळालं. व्हिसा झाला, फिशा झाल्या, मंजुरीच्या पत्राच्या तीन प्रती. पाठवणाऱ्या एजंटाला माझ्या बहिणीनं फोनवर विचारलं होतं, "लस वगैरे काही घ्यायला लागते का हो?" तो म्हणाला, "ताई, वाळवंट आहे ते. तिथे डास कुठले?"

आणि जाताना खरंच कुणी काही विचारलं नाही. भारतातून थेट येणाऱ्याला मॉरिटानिया पीतज्वराच्या लशीचा दाखला मागत नाही. त्यामुळे सगळ्यांना वाटलं, काही राहिलं नाही.

काम संपत आलं तेव्हा इकडे भाचीचं लग्न ठरलं. शनिवारचा मुहूर्त. बहिणीनं त्याला बजावून सांगितलं, हळदीच्या आधी घरात हवास. तो सोमवारी रात्री नुआकशॉटहून निघाला, इस्तंबूलला विमान बदललं आणि बुधवारी पहाटे मुंबईला उतरला. बॅगेत बहिणीसाठी तिकडची मलमलीसारखी रंगीत ओढणी, जिला तिथल्या बायका अंगभर गुंडाळतात. आईसाठी खजूर. मी रात्रीच्या गाडीनं त्याला आणायला गेलो होतो, बाहेर कठड्याशी उभा. त्याच्या विमानातली सगळी माणसं ट्रॉल्या ढकलत बाहेर आली, हा येईना.

आत काय झालं होतं, तर एका टेबलाशी त्याला विचारलं, गेल्या सहा दिवसांत कुठल्या देशात होता? त्यानं सरळ सांगितलं, मॉरिटानिया. पिवळं कार्ड, म्हणजे त्या लशीचा दाखला, दाखवा. हा म्हणाला, कसलं कार्ड? तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग सांगितलं की तुम्हाला घरी जाता येणार नाही. मॉरिटानिया सोडल्यापासून सहा दिवस पूर्ण होईपर्यंत विलगीकरणात राहावं लागेल. त्यानं बोटांवर मोजलं. सोमवार ते रविवार. शनिवार मध्येच.

त्यानं लग्नाची पत्रिका काढून दाखवली, मोबाइलवर होती ती. डॉक्टरीणबाईंनी पत्रिका पूर्ण वाचली. म्हणाल्या, "दादा, मला वाईट वाटतंय. पण हे माझ्या मर्जीवर नाही." बरोबरच बोलल्या त्या. मी बाहेरून फोनवर खूप बोललो, ओळखी काढायला निघालो होतो, पण भाचाच म्हणाला, "मामा, नको. घरात आजी आहे, पाहुण्यांची लहान पोरं आहेत. बसतो मी सहा दिवस." मला त्या क्षणी त्याचा फार अभिमान वाटला.

तर त्याला जाळ्या लावलेल्या खोलीत ठेवलं, पलंगाला मच्छरदाणी, दिवसातून दोनदा ताप बघायचे. आणि इकडे घरात हळद लागली.

आता आपल्याकडे नवरीच्या भावाला लग्नात किती काम असतं, तुम्हाला सांगायला नको. लाजाहोमाला बहिणीच्या ओंजळीत लाह्या तो घालणार. नवऱ्या मुलाचा कान तो पिळणार. लाह्यांना चुलतभाऊ उभा राहिला, त्याला इलाज नव्हता. पण कानपिळणीची वेळ आली तेव्हा भाची बोहल्यावरूनच म्हणाली, "कान दादाच पिळेल. थांबू दे ते." भटजींनी मान हलवली, जावई हसला, आणि ते राहिलं.

मंगलाष्टकांना मी भाचीच्या मागे उभा, एका हातात मोबाइल धरलेला, त्यात भाचा. सनई लावली होती आम्ही, म्हणून त्याला मंगलाष्टकं शब्दन्‌शब्द ऐकू गेली. लग्नात सनईच हवी, हे मी दर वेळी सांगतो. त्या डीजेच्या भिंतींनी म्हाताऱ्यांच्या छातीत धडधडतं आणि भटजी काय म्हणतायत ते नवरा-नवरीलाही कळत नाही. तर, 'शुभमंगल सावधान' झालं आणि फोनच्या पडद्यावर तांदूळ पडलेले दिसले. तिथे झाडलोट करणाऱ्या मावशींनी स्वयंपाकघरातून मूठभर तांदूळ आणून, त्यांना कुंकू लावून त्याच्या हातात दिले होते. तो तिकडून फोनवर अक्षता टाकत होता. माझ्या बहिणीनं त्या मावशींना पुढे साडी पाठवली, चोळीच्या खणासकट.

सोमवारी सकाळी तो सुटला. ताप नाही, काही नाही. मंगळवारी भाची मांडवपरतणीला माहेरी आली, जावई बरोबर. भाच्यानं दारातच त्याचा कान धरला. घड्याळ मिळालं त्याला.

श्रोतेहो, तर मुद्दा हा. यलो फीवर, म्हणजे पीतज्वर. त्याची लस मॉरिटानियात शिरायला भारतीयाला लागत नाही, पण तिथून भारतात परत यायला लागते. जाताना कुणी मागणार नाही, येताना आपलंच सरकार मागणार. पुन्हा एकदा: जाताना नाही, येताना.

आणि वाळवंटात डास कुठले, हे चुकीचं आहे. देशाच्या दक्षिणेला सेनेगल नदी आहे, तिच्या काठानं शेती आहे, पाणी आहे, डास आहेत. पीतज्वराचा धोका त्याच पट्ट्यात आहे. पण आपल्या सरकारच्या यादीत सबंध मॉरिटानिया आहे, तुम्ही उत्तरेच्या वाळूत होता की दक्षिणेच्या नदीकाठी, ते कुणी बघत नाही. आपलं सरकार एवढं कडक का? कारण पीतज्वर जो डास पसरवतो तोच डेंग्यूचा एडिस डास आपल्या कुंड्यांत आणि टायरांत भरपूर आहे. डास आहे, विषाणू मात्र आलेला नाही. तो एकदा आला तर काय होईल याचा विचार करा. डास चावल्यापासून ताप यायला तीन ते सहा दिवस लागतात, म्हणून ते सहा दिवस. या नियमाच्या मी मनापासून बाजूचा आहे, आमच्या घरचं लग्न त्यात सापडलं तरी.

लस कशी घ्यायची? नेहमीच्या दवाखान्यात ती मिळत नाही, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. मुंबईत, पुण्यात अशी केंद्रं आहेत, ठरावीक वारीच लस देतात, आधी नाव नोंदवावं लागतं आणि मूळ पासपोर्ट न्यावा लागतो. लस एकच. पण ती घेतल्यावर दहा दिवसांनी दाखला लागू होतो. दहा दिवस, लक्षात ठेवा. निघायच्या आदल्या दिवशी धावाधाव करून हा हिशेब जुळेलच असं नाही. कार्डावरचा पासपोर्ट नंबर तिथेच उभं राहून तपासून घ्या, शिक्का आणि सही आहे ना बघा.

जहाजावरच्या मुलांनी कंपनीच्या भरवशावर न राहता आपलं कार्ड सीडीसीबरोबर, म्हणजे खलाशाच्या नोंदपुस्तकाबरोबर, एकाच पाकिटात ठेवावं.

गरोदर बाईनं, अंड्याची जोरदार ॲलर्जी असलेल्यानं, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असलेल्यानं ही लस परस्पर घेऊ नये. साठीच्या पुढच्यांनी पहिल्यांदा घेताना डॉक्टरांशी नीट बोलावं. लस देता येत नाही असं डॉक्टरांनी ठरवलं तर तसा लेखी दाखला घ्या, त्याच पिवळ्या कार्डात त्याची जागा असते. तरीही परतताना निरीक्षणाखाली ठेवू शकतात, तेवढे दिवस हाताशी ठेवून तिकीट काढा.

आणि ज्यांनी पूर्वी कधी आफ्रिकेला जाताना ही लस घेतली आहे, त्यांनी घरातलं जुनं कार्ड शोधावं. त्यावर दहा वर्षांची मुदत छापलेली असेल. ११ जुलै २०१६ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमानं ते कार्ड जन्मभर चालतं, पुन्हा टोचून घ्यायची गरज नाही. फक्त त्यावरच्या तारखेत स्वतः पेनानं खाडाखोड करू नका, तसं केलं तर कार्ड बाद धरतात.

नमस्कार.