उपरण्याखालची बोटं
(लघु माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य : जनावरांचा बाजार, सकाळ. धूळ, घुंगरमाळा, चहाची गाडी.]

पेठ वडगाव, हातकणंगले तालुका, कोल्हापूर जिल्हा. बाजार भरलाय.

बैलजोडी देखणी आहे, पण जरा तिच्या मागं बघा. दोन माणसं उभी आहेत. एकाच्या खांद्यावरचं उपरणं दोघांच्या हातांवर आलंय आणि आत बोटं चालली आहेत. किती बोटं धरली, कुठलं दाबलं, यावर आकडा ठरतो. भोवती पंधरा माणसं आहेत. त्यांतल्या एकालाही आकडा कळत नाही. कळूही नये, म्हणून तर उपरणं.

या दोघांतला एक हेडी, म्हणजे मालकाच्या वतीनं सौदा जमवणारा दलाल. मालकाला कितीखाली बैल द्यायचे नाहीत, ते याला ठाऊक आहे. घेणाऱ्याच्या कनवटीला काय आहे, त्याचाही अंदाज आहे. आता त्याचा चेहरा बघा. काही सापडतंय?

[दृश्य : हातांवर कॅमेरा. उपरण्याची हालचाल.]

घेणाऱ्यानं हात सोडवून घेतला. मान हलवली. निघाला. आम्हाला वाटलं, मोडला सौदा. हेडी जागचा हलला नाही. फक्त म्हणाला, "पावणं, च्या तर पिऊन जावा." पाहुणा थांबला. कपबशी हातात असतानाच उपरणं पुन्हा पसरलं.

देशाचा परराष्ट्रमंत्री कसा असावा, यावर फिल्म करायची ठरली तेव्हा आम्ही नेहमीची चित्रं मागवली होती. दोन झेंडे, दोन खुर्च्या, लांबलेलं हस्तांदोलन. सगळी एकसारखी निघाली. मग कुणीतरी म्हणालं, वडगावला जाऊन या.

[दृश्य : पन्हाळा, धुकं. तीन दरवाजा. सज्जा कोठीच्या खिडकीतून खालची दरी.]

1660 चा उन्हाळा आणि त्यानंतरचा पावसाळा. गडावर शिवाजी महाराज, खाली सिद्दी जौहरचा वेढा. महाराज निसटले कसे, ती रात्र इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. आम्ही ती पुन्हा सांगत नाही. आम्हाला त्या वेढ्यातले दुसरेच लोक हवे आहेत.

राजापूरच्या वखारीतले इंग्रज. व्यापारी म्हणून आलेले, मैत्रीच्या गोष्टी बोललेले. तेच सिद्दीच्या मदतीला दारूगोळा घेऊन या डोंगराखाली आले आणि आपलं निशाण लावून त्यांनी गडावर मारा केला. पुढच्याच वर्षी राजापूरच्या वखारीवर महाराजांची धाड पडली, इंग्रज कैदेत गेले.

आणि 1674 ला, राज्याभिषेकाच्या वेळी, त्याच इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीचा हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर तहाची कलमं घेऊन हजर होता. मधल्या बोलण्यांना महाराजांकडून निराजी पंडित. बरीचशी कलमं मान्य झाली. इंग्रजांचं नाणं राज्यात चालवण्याचं कलम मात्र महाराजांनी मानलं नाही. बाकी व्यापार करा, म्हणाले. चौदा वर्षांपूर्वीचा मारा कुणी विसरलं नव्हतं, तरी बैठकीत त्याचा राग आडवा आला नाही. आम्हाला या सबंध विषयात सगळ्यात अवघड वाटते ती हीच गोष्ट.

[दृश्य : पन्हाळ्यावरची समाधी. ओलं गवत, दगडावर शेवाळ.]

2025 ला पन्हाळा युनेस्कोच्या यादीत गेला. गाड्या वाढल्या, कणसं भाजणाऱ्यांची रांगही. या समाधीपाशी आम्ही सकाळभर होतो. एक कुटुंब आलं, वाट विचारून अंबरखान्याकडं गेलं.

इथं रामचंद्र नीलकंठ बावडेकर. महाराजांच्या अष्टप्रधानांतले अमात्य. तसं पाहिलं तर परराज्यांचं खातं सुमंताकडं असायचं, अमात्याकडं जमाखर्च. पण राजाराम महाराज जिंजीला गेले तेव्हा इकडचं राज्य पंतांच्या हाती आलं, हुकुमतपनाह या किताबासकट. हिशेब लिहिणाऱ्या माणसाला मग फौजा, गड आणि शत्रूचे वकील, सगळंच बघावं लागलं. आमच्या मते चांगला मुत्सद्दी असाच तयार होतो. दुष्काळात कोठारात किती धान्य उरतं, हे ज्याला माहीत आहे, तोच समोरच्याला किती ताणायचं ते ठरवू शकतो.

करवीरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या गादीवरच्या, संभाजी महाराजांच्या (राजाराम महाराजांच्या मुलाच्या) कारकिर्दीत, 1715 ला, आज्ञापत्र हा राज्यकारभारावरचा ग्रंथ तयार झाला. तो पंतांच्या नावावर आहे. त्यात टोपीकरांबद्दल, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांबद्दल, जे सांगितलंय ते वाचताना वाटतं की हा माणूस समोरच्याचा पिंड ओळखून लिहितोय. हे लोक सावकारी, म्हणजे व्यापार, करतात, पण इतर सावकारांसारखे नव्हेत. यांच्यामागं यांचे राजे आहेत. एकदा जागा हाती लागली की मेले तरी सोडायचे नाहीत. मग करायचं काय? हाकलून द्या, असं तो म्हणत नाही. येऊ द्यावं, जाऊ द्यावं. वखारीला जागा द्यावीच लागली तर समुद्रकाठची देऊ नये, आतल्या बाजूला द्यावी. तीही सखल. पक्की इमारत बांधू देऊ नये.

सखल जागा! केवढ्या बारकाईनं पाहिलंय बघा. व्यापार हवा, जकात हवी, आणि उद्या बिघडलंच तर तोफ वरून खाली लागू व्हावी.

पुढं शंभर-सव्वाशे वर्षांत काय झालं, ते सगळ्यांना माहीत आहे.

[दृश्य : कोल्हापूर, भवानी मंडप, कबुतरं. जुन्या राजाराम कॉलेजच्या कमानी.]

या कमानींखालून एक विद्यार्थी जायचा. देवराष्ट्र्याचा जन्म, कराडला शाळा, मग स्वातंत्र्यलढ्यात तुरुंग, मग हे कॉलेज. 1938 ला इतिहास आणि राज्यशास्त्र घेऊन बी.ए. यशवंतराव चव्हाण. त्या वेळी इथले प्राचार्य डॉ. बाळकृष्ण. शिवकाळाचा अभ्यास करताना इंग्रज आणि डच वखारींची कागदपत्रं जमवणारा माणूस. म्हणजे पंतांचे टोपीकर या इमारतीत पुन्हा कागदावर आलेच होते.

1962 च्या नोव्हेंबरात चीनच्या युद्धानं देश हादरलेला असताना यशवंतराव संरक्षणमंत्री झाले. बारा वर्षांनी, 1974 च्या ऑक्टोबरात, परराष्ट्रमंत्री. आणि एप्रिल 1976 मध्ये त्यांनीच संसदेत सांगितलं, चीनमध्ये पुन्हा आपला राजदूत जाईल. 1961 नंतर, पंधरा वर्षांनी. राजदूत म्हणून के. आर. नारायणन गेले. पाकिस्तानशी तुटलेले संबंधही त्याच वर्षी जुळले.

निर्णय एकट्या मंत्र्याचा नसतो, पंतप्रधान इंदिरा गांधी होत्या. पण ज्यानं युद्धानंतरची फौज उभी केली, त्यानंच राजदूत पाठवायची घोषणा करावी, याला वजन असतं. यानं देश विकला, असं त्याला कोण म्हणणार?

आणीबाणीचे दिवस होते ते. देशात वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता, आणि बाहेर बोलताना परराष्ट्रमंत्र्याच्या पाठीवर तेही ओझं होतं.

[दृश्य : कागल तालुक्यातलं एक घर. पडवी, शिवणयंत्र, पोस्टमनची सायकल.]

इंग्रजी फर्डं हवं, चार भाषा याव्यात, सूट नीट बसावा. परराष्ट्रमंत्र्याबद्दल विचारलं की कोल्हापुरात बहुतेकांनी आधी हेच सांगितलं. असू दे. भाषेला दुभाषा मिळतो. कुठला आकडा उपरण्याखाली ठेवायचा, ते दुभाष्याला विचारता येत नाही.

या घरातला मुलगा वेल्डर आहे. आखातात निघालाय. आज पासपोर्ट आला.

वडील चष्मा लावून पहिलं पान वाचताहेत. त्यावर राष्ट्रपतींच्या नावानं मजकूर असतो, की ज्यांचा ज्यांचा संबंध येईल त्यांनी या माणसाला विनाअडथळा जाऊ द्यावं, लागेल ती मदत करावी. मजकुरात दोन शब्द शेजारी शेजारी आहेत, प्रार्थना आणि अपेक्षा. वडिलांचं बोट तिथंच थांबलंय.

"इनंती करत्यात का सांगत्यात?"

"दोनी," मुलगा म्हणतो.

[दृश्य : बोट पुढच्या ओळीवर सरकतं. दारात पोस्टमन सहीसाठी पेन पुढं करून उभा.]