मगरमुखी सोबेक आणि त्याचे उपासक

कैरोच्या नैर्ऋत्येस फायूम नावाचा एक खोलगट प्रदेश आहे. चहूबाजूंनी वाळवंट असूनही तो हिरवागार राहिला, कारण बहर युसुफ या नाईलच्या फाट्याने तिथवर पाणी पोहोचते. आज तिथे कारून हे खारे सरोवर उरले आहे. प्राचीन काळी त्याच जागी याहून कितीतरी विस्तीर्ण असे मोएरिस सरोवर होते, आणि त्याच्या काठच्या दलदलीत, वेताच्या आणि पपायरसच्या गर्दीत मगरींचे राज्य होते. त्या पाण्याचा आणि त्या मगरींचा देव म्हणजे सोबेक.

मंदिरांच्या भिंतींवर तो कधी चौथऱ्यावर पहुडलेल्या मगरीच्या रूपात दिसतो, तर कधी माणसाच्या धडावर मगरीचे शिर आणि त्या शिरावर पिसांचा मुकुट, शिंगे आणि सूर्यबिंब अशा थाटात. त्याची उपासना फार जुनी आहे. सक्कारा येथे उनास या राजाचा पिरॅमिड आहे, आणि त्याच्या आतल्या भिंतींवर इ.स.पू. चोविसाव्या शतकात कोरलेल्या मंत्रांपैकी एकात मृत राजा स्वतःच सोबेक होऊन पुराच्या पाण्यातून वर येतो आणि दोन्ही काठांवरचे गवत हिरवे करतो. हा मंत्र लक्षपूर्वक वाचायला हवा. घाटावर पाणी भरणाऱ्या माणसाला ओढून नेणारा प्राणी आणि शेताला जीव देणारा पूर, दोन्ही एकाच नदीतून येत होते. नदीकाठच्या शेतकऱ्याला त्यांतले एक टाळून दुसरे मिळवता येत नव्हते. सोबेकच्या पूजेचे मूळ, माझ्या मते, या अनुभवात आहे.

या देवाला राजाश्रय मिळाला तो बाराव्या राजवंशाच्या काळात. इ.स.पू. एकोणिसाव्या शतकात आमेनेमहात तिसरा या राजाने फायूमवर विशेष लक्ष दिले, हवारा येथे आपला पिरॅमिड बांधला आणि शेदेत या सोबेकच्या नगरीतील मंदिराचा विस्तार केला. मेदिनेत मादी येथे त्याने सोबेक आणि सुगीची नागदेवता रेनेनुतेत यांच्यासाठी उभारलेले छोटेखानी मंदिर आजही उभे आहे. त्याची मुलगी सोबेकनेफेरू पुढे स्वतः सिंहासनावर बसली, तर त्यानंतरच्या राजवंशातील अनेक राजांनी सोबेकहोतेप हे नाव धारण केले.

शेदेतला ग्रीकांनी ‘मगरींचे नगर’ अशा अर्थाने क्रोकोडिलोपोलिस म्हटले. इथे मूर्तीच्या जोडीला एक जिवंत मगर देवरूप मानून पाळली जाई. इ.स.पू. पाचव्या शतकात हेरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने लिहून ठेवले आहे की मोएरिस सरोवराच्या आणि दक्षिणेकडच्या थीब्ज नगराच्या परिसरातले लोक एकेक मगर माणसाळवतात, तिच्या कानांत काचेची आणि सोन्याची भूषणे घालतात, पुढच्या पायांत कडी चढवतात आणि मेल्यावर विधिपूर्वक तिची ममी करतात. त्याच दमात तो हेही सांगतो की एलेफंटाईन बेटाच्या परिसरातले लोक मगरी चक्क खातात. इजिप्तमध्ये एका गावचा देव दुसऱ्या गावाला मान्य असेलच असे नव्हते.

स्ट्रॅबो या ग्रीक भूगोलकाराने तर हा सेवाविधी स्वतः पाहिला. इ.स.पू. २५ च्या सुमारास तो या नगरीत आला, तेव्हा त्याचा यजमान जेवणातून एक लहानशी पोळी, थोडे भाजलेले मांस आणि मध घातलेल्या पेयाची सुरई बरोबर घेऊन त्याला तळ्यावर घेऊन गेला. मगर काठावरच पडलेली होती. पुजारी जवळ गेले. काहींनी तिचा जबडा उघडून धरला, एकाने आधी पोळी आत ठेवली, मग मांस, आणि शेवटी मधाचे पेय घशात ओतले. प्रसाद पोटात जाताच मगरीने पाण्यात उडी घेतली आणि ती पलीकडचा काठ गाठून बसली. तेवढ्यात दुसरा एक परदेशी पाहुणा नैवेद्य घेऊन आला. पुजारी तळ्याला वळसा घालून धावत गेले, मगरीला धरले आणि त्याचाही नैवेद्य तसाच भरवला. देवाच्या जबड्यात रोज हात घालणाऱ्या या माणसांची नावे स्ट्रॅबोने दिलेली नाहीत, पण त्यांचे कसब आणि निष्ठा त्याच्या चार ओळींतून आजही कळते.

अशा पाहुण्यांची व्यवस्था सरकारी पातळीवर होत असे. याचा पुरावा तेब्तुनिस या फायूममधल्याच गावाने दिला. १८९९-१९०० च्या हिवाळ्यात बर्नार्ड ग्रेनफेल आणि आर्थर हंट हे इंग्रज संशोधक तिथे उत्खनन करत होते. माणसांच्या शवपेट्या मिळतील या आशेने खणणाऱ्या मजुरांच्या हाती मगरींच्या ममींमागून ममी लागू लागल्या. वैतागून एका मजुराने त्यातली एक फोडली, तेव्हा आतून लिहिलेल्या पपायरसचे, म्हणजे त्या वनस्पतीपासून केलेल्या कागदाचे, तुकडे बाहेर आले. ममी गुंडाळताना आणि आतली पोकळी भरताना पुजाऱ्यांनी सरकारी कचेऱ्यांतले जुने, निकामी झालेले कागद वापरले होते. त्यात जमिनीची मोजणी होती, कराचे हिशेब होते, तक्रारअर्ज होते.

या कागदांमध्ये इ.स.पू. ११२ मधले एक पत्र आहे. ल्युसियस मेमियस नावाचा रोमन सिनेटर फायूम पाहायला येणार आहे, त्याचे स्वागत थाटात व्हावे, त्याच्यासाठी ठिकठिकाणी उतरण्याची सोय आणि धक्के तयार ठेवावेत, असे त्यात बजावले आहे. आणि याच यादीत पेतेसुखोस या पवित्र मगरीला व इतर मगरींना घालायचा नेहमीचा खाऊ सज्ज ठेवावा, अशीही सूचना आहे. मगरीला काय भरवायचे याची आज्ञा असलेला कागद दोन हजार वर्षे मगरींच्याच ममींमध्ये सुरक्षित राहिला, याचे मला अतोनात नवल वाटते.

मेलेल्या पवित्र मगरीचा मान कमी होत नसे. फायूममधल्या थेआडेल्फिया गावच्या मंदिरात मगरीची ममी वाहून नेण्याची लाकडी तिरडी सापडली आहे. उत्सवाच्या दिवशी पालखी निघावी तशी ती खांद्यांवरून मिरवली जाई.

मात्र हजारो ममींमागे दुसरेही एक वास्तव आहे, आणि ते वगळून सोबेकची पूजा समजणार नाही. मेदिनेत मादी येथे मगरीची अंडी ठेवलेली एक वास्तू उत्खननात मिळाली. तिथे पिल्ले उबवून वाढवली जात, असे संशोधकांचे मत आहे. बर्मिंगहॅमच्या संग्रहालयातील दोन मीटरहून लांब अशा एका मगरीच्या ममीची क्ष-किरण तपासणी झाली, तेव्हा तिच्या पोटात काशाच्या गळाला अडकलेला, न पचलेला मासा दिसला. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार त्या मगरीला आमिष लावून पकडले होते आणि त्यानंतर फार वेळ न दवडता मारले होते. भाविकाने नवस फेडण्यासाठी अर्पण केलेली ममी आणि मंदिरात लाडाने वाढवलेली मगर, यांच्या नशिबात एवढे अंतर होते. आजच्या दृष्टीने हे क्रूर वाटते. त्या भाविकाच्या दृष्टीने मात्र त्याने देवाचाच एक अंश देवाकडे परत पाठवला होता.

सोबेकचे सर्वांत भव्य मंदिर दक्षिणेत, अस्वानच्या उत्तरेला कोम ओम्बो येथे आहे. ग्रीक वंशाच्या टॉलेमी राजांच्या काळात, इ.स.पू. दुसऱ्या शतकापासून उभे राहिलेले हे मंदिर जोडमंदिर आहे. दोन प्रवेशद्वारे, दोन मार्ग, शेवटी शेजारी शेजारी दोन गाभारे. दक्षिणेकडचा सोबेकचा, उत्तरेकडचा हारोएरिस या ससाणामुखी देवाचा. परिसरात सापडलेल्या मगरींच्या ममी २०१२ पासून शेजारच्याच संग्रहालयात मांडलेल्या आहेत.

या ममींनी प्राणिशास्त्रालाही एक धागा दिला. नेपोलियनच्या मोहिमेबरोबर इजिप्तला गेलेल्या एत्येन जॉफ्रॉय सेंट-हिलेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८०७ मध्ये असे मांडले की ममी केलेल्या मगरींमध्ये नाईलच्या नेहमीच्या मगरीहून वेगळी, स्वभावाने सौम्य अशी जात आहे, आणि सोबेकच्या ग्रीक नावावरून त्याने तिला सुखस म्हटले. पुढे दीर्घकाळ हे मत कोणी मानले नाही. २०११ मध्ये ममींमधून काढलेल्या डीएनएच्या तपासणीने ते खरे ठरवले. ही सुखस मगर आज पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत आढळते. इजिप्तमधून ती नाहीशी झाली आहे, आणि तिथल्या उरलेल्या मगरी, ज्या दुसऱ्या जातीच्या आहेत, त्या अस्वानच्या धरणामागे नासर जलाशयात राहतात.