राखणीला ठेवलेली फुलं

श्रोतेहो, नमस्कार. दसरा तोंडावर आलाय. घरोघरी झेंडूची तोरणं लागतील, वाहनांना हार पडतील. त्या झेंडूच्या शेतात आम्ही पाच मैत्रिणी मागच्या वर्षी नवरात्राच्या आधीच्या रविवारी गेलो होतो, त्या दिवसाबद्दल आज बोलायचंय.

पुण्याभोवती फुलशेती भरपूर आहे. मावळात तळेगावकडे गेलात तर पॉलिहाऊसमधले गुलाब आणि जरबेरा, पुरंदरकडे गेलात तर उघड्या रानातला झेंडू, अ‍ॅस्टर, शेवंती. आम्ही पुरंदर निवडलं. पहाटेची सासवडची बस धरली. सहलीला बसनंच जावं, असं माझं ठाम मत आहे. गाडीत एकीला रस्त्यावरून नजर काढता येत नाही आणि बाकीच्यांची मोबाइलवरून निघत नाही. बसमधून दिवे घाट चढताना खाली मस्तानी तलाव पाचही जणींनी पाहिला.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, फुलांच्या शेतावर लवकर जायचं. ऊन चढायच्या आत तोडा उरकतो, कारण उन्हात तोडलेलं फूल गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पोचेपर्यंत मान टाकतं. पुन्हा सांगते, लवकर जायचं. दहाला पोचलात तर नुसती हिरवी झाडं बघायला मिळतील.

आम्ही पोचलो तेव्हा तोडा चालू होता. शेताच्या मालकीणबाई, सगळे त्यांना मावशी म्हणत होते, कमरेला पदराची ओटी खोचून दोन्ही हातांनी फुलं खुडत होत्या. फूल देठाशी चिमटीत धरायचं आणि नखानं तोडायचं, ओढायचं नाही. ओढलं की अख्खी फांदी हातात येते. आम्हीही तासभर तोडली. बोटं हिरवीकाळी झाली, आणि तो उग्र वास संध्याकाळी भात कालवतानाही हाताला होता.

शेजारच्या रानात टोमॅटो होता. त्याच्या मधूनमधून झेंडूची एकेक ओळ, आणि त्या ओळीतली फुलं सगळ्यात टपोरी. आमच्यातली एक गणित शिकवते. तिनं तिकडे हात घातला मात्र, मावशी बांधावरूनच ओरडल्या, “ताई, ती नका तोडू! ती राखणीला हायेत!”

आम्हाला वाटलं, देवाला राखून ठेवली असतील. मावशी जवळ आल्या, एका फुलावर बोट ठेवून म्हणाल्या, “टोमॅटो पोखरणारी अळी असती ना, तिचा पतंग अंडी घालायला आधी हितं येतो. फूल ऱ्हायलं तर टोमॅटो ऱ्हायला.” टोमॅटोच्या 16 ओळींमागे झेंडूची 1 ओळ, असा त्यांचा हिशेब होता. कृषी शास्त्रज्ञही हेच प्रमाण सांगतात. शिवाय झेंडूच्या मुळांतून जे पाझरतं, त्यानं मातीतले सूत्रकृमी, म्हणजे पिकाच्या मुळांना लागणारे अगदी बारीक किडे, कमी होतात. म्हणजे झेंडू वर पतंगाला गुंतवतो आणि खाली मुळं सांभाळतो. आपण मात्र त्याला दाराबाहेर टांगतो आणि दुसऱ्या दिवशी नदीत सोडतो. निर्माल्य नदीत टाकू नका हो, कुंडीतल्या मातीत कुस्करा, झेंडूचं तर नक्कीच.

मग मावशींनी त्या ओळीतलं एक वाळलेलं बोंड खुडलं आणि गणितवालीच्या तळहातावर उलगडलं. ज्याला आपण पाकळी म्हणतो तिच्या बुडाशी एक काळी काडी, टोकाला वाळक्या गवतासारखा फिकट तुरा. ती काडी म्हणजे बी. दुसरी पाकळी ओढली, तिलाही बी. झेंडूचं फूल हे एक फूल नव्हेच, श्रोतेहो, तो फुलांचा गुच्छ आहे. प्रत्येक पाकळी म्हणजे एक वेगळं फूल. इतकी वर्षं सुईत ओवलं, कधी उलगडून पाहिलं नव्हतं.

“गावठी हाय, हायब्रीड न्हाई,” मावशी म्हणाल्या, “पेरलं की असंच येईल.” फुलांचे पैसे आम्ही त्या म्हणाल्या तेवढे दिले. फुलवाल्याशी घासाघीस करणं मला कधीच पटलेलं नाही. बोंडाचे त्यांनी घेतले नाहीत.

परतीच्या बसमध्ये आमच्या मैत्रिणीनं रुमाल पसरून बिया मोजल्या. घाट उतरताना दोनदा चुकली, हडपसरला पोचेपर्यंत आकडा लागला : 118. यंदा जूनमध्ये तिनं त्या गच्चीवर पेरल्या. रोपं वीतभर झाल्यावर शेंडे खुडले, म्हणजे फांद्या फुटतात. परवा तिच्याकडे गेले तर पहिलं फूल उमललेलं, चांगलं टपोरं. दसऱ्याला तोडणार का, म्हणून मी विचारलं. तिनं शेजारच्या कुंडीतला टोमॅटो दाखवला आणि म्हणाली, “नाही. ते राखणीला आहे.”