बडोद्याच्या वाटीतला मध

दांडिया बाजारातील एका जुन्या घरात सत्यनारायणाच्या पूजेची तयारी चालली आहे. चांदीच्या वाटीत दूध, दही, तूप आणि साखर घालून झाली आहे, आणि आजी मधाची बाटली तिरपी धरून थांबल्या आहेत, कारण डिसेंबरातल्या गारठ्यात मध आपल्या गतीनेच उतरतो. बाटलीच्या तोंडाशी प्रथम एक फुगीर थेंब जमतो, मग त्याची तार होते, आणि ती तार दह्याला टेकल्यावर लगेच न बुडता स्वतःवरच वेटोळी घालीत राहते. तूप आणि मध सममात्रेत एकत्र करू नयेत, हा आयुर्वेदाचा दंडक आजींनी कोठे वाचलेला नाही. तरीही तूप एक चमचा पडले असेल, तर मध दोन चमचे पडतो.

बाटलीच्या तळाशी पांढुरका रवा धरला आहे, आणि सुनेला त्यात साखरेच्या भेसळीची शंका येते. मधातील ग्लुकोज थंडीत स्फटिकरूप होऊन तळाशी बसते आणि शुद्ध मधालाही ते चुकत नाही, त्यामुळे एवढ्यावरून बाटलीला दोष देणे बरोबर नाही. पाण्यात थेंब सोडून पाहणे किंवा मधात बुडवलेली वात पेटवून पाहणे, या घरगुती परीक्षांवरही फारसे विसंबून राहू नये. आजी बोटाला उरलेला मध पाळण्यातील नातवाकडे नेतात, तेव्हा मात्र सून त्यांना अडवते आणि तिचे बरोबर आहे, कारण मधात असू शकणारे बोट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जिवाणूंचे बीजाणू वर्षाच्या आतील बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करू शकतात.

शेजारच्या गुजराती घरातून हा पदार्थ मागून आणायचा झाला, तर बडोद्यातील मराठी माणसाला शब्द बदलावा लागत नाही. इंदूरला राहणाऱ्या त्याच्या नातेवाइकांना दुकानदाराकडे ‘शहद’ मागावे लागते, आणि तो शब्द फारसीतून आलेला आहे. येथे मात्र दोन्ही घरांत मध हा मधच असतो. फरक पडतो तो लिंगाचा. मराठीत ‘तो’ मध असतो आणि गुजरातीत ‘ते’, म्हणून शेजारीण ‘मध मीठुं छे’ असे म्हणते, म्हणजे मध गोड आहे. पण त्याच घरात नुसते ‘मीठुं’ मागितले, तर हातात मीठ येते. मूळ ‘मिष्ट’ म्हणजे गोड असताना त्याचे मराठीत मीठ कसे झाले, हा प्रश्न बडोद्याच्या स्वयंपाकघरात जितका सहज पडतो, तितका पुण्यात पडत नसावा.

‘मध’ हा शब्द संस्कृत ‘मधु’पासून आला, आणि मधूचे आप्त फार दूरवर पसरलेले आहेत. लिथुआनियन भाषेत मधाला ‘मेदुस’ म्हणतात आणि रशियन भाषेत ‘म्योद’. इंग्रजीतील ‘मीड’ ही मात्र मधापासून केलेली दारू आहे, आणि प्राचीन ग्रीकमधील ‘मेथू’ तर सरळ मद्यच आहे. एकाच शब्दाच्या पोटात मध आणि मद्य असे दोन अर्थ कसे नांदले, याचे उत्तर मोहोळात सापडते. फुलातून आणलेल्या रसात पाणी पुष्कळ असते. माशा तो एकमेकींच्या तोंडात देत त्यात विकरे मिसळतात, पंखांनी वारा घालून त्यातील पाणी उडवतात आणि ते साधारण २० टक्क्यांच्या खाली आले की कप्प्यावर मेणाचे झाकण बसवतात. आपल्याकडील अन्नमानकातही मधातील पाण्याची मर्यादा २० टक्केच आहे. पाणी त्याहून वाढले की मध आंबू लागतो, आणि मुद्दाम पाणी घालून आंबवला तर त्याची दारू होते.

या दुहेरी अर्थाचा सर्वांत रंगतदार पुरावा ज्या ग्रंथात आहे, त्याची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे अनेक हस्तलिखिते ताडून ठरवलेला पाठ, याच शहरात सिद्ध झाली. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या प्राच्यविद्या मंदिराने १९६० ते १९७५ या काळात वाल्मीकिरामायणाचे सात खंड प्रसिद्ध केले. त्यातील सुंदरकांडात सीतेचा शोध लावून परतलेले वानर सुग्रीवाच्या मधुवनात शिरतात, रखवालदार दधिमुखाला न जुमानता मधु पितात आणि मग कोणी गातो, कोणी नाचतो, कोणी उगाचच नमस्कार घालतो, तर कोणी हसत सुटतो. ही लक्षणे काही पंचामृताची नव्हेत. गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे मधूचा हा अर्थ बडोद्यात ग्रंथालयापुरताच मोकळेपणाने वावरतो, एवढेच.

त्याच प्रसंगात ते वानर एकमेकांना मेणाच्या गोळ्यांनी मारतात. मेणासाठी तेथे ‘मधूच्छिष्ट’ असा शब्द आला आहे, म्हणजे मध काढून घेतल्यावर मागे राहिलेले उष्टे. खाद्यपदार्थाच्या उरलेल्या भागाला इतके नेमके नाव क्वचितच मिळाले असेल, आणि त्या उष्ट्याचे मोल पाहण्यासाठी या घरापासून फार दूर जावे लागत नाही.

पूजा आटोपल्यावर शेजारच्या जैनबेन येतात, फूल घेतात, देवाला हात जोडतात आणि तीर्थाची पळी पुढे येताच हसून नको म्हणतात. मद्य, मांस आणि मधु हे तिन्ही जैन आचारात वर्ज्य आहेत, कारण पोळे पिळताना असंख्य जिवांची हिंसा होते. आजी काही न बोलता पळी मागे घेतात. इतक्या वर्षांच्या शेजारात हे दोघींनाही ठाऊक आहे.

त्यांच्याच धर्मातील प्राचीन मूर्ती कमाटीबागेतील संग्रहालयात आहेत. शहराच्या अकोटा भागात सापडलेल्या या धातुमूर्तींपैकी सर्वांत जुन्या मूर्ती पाचव्या-सहाव्या शतकातील मानल्या जातात. त्या ओतीव आहेत: प्रथम मेणाची मूर्ती घडवायची, तिच्यावर मातीचे लिंपण चढवायचे, लिंपण तापवून मेण वितळवून काढायचे आणि त्या पोकळीत तापलेला धातूचा रस ओतायचा. जीवंतस्वामींची मूर्ती, म्हणजे संसार सोडण्यापूर्वीचे राजवेषातील महावीर, काचेपलीकडे ध्यानस्थ उभी आहे, आणि तिच्या मुकुटावरची बारीक नक्षी मधूच्छिष्टात कोरलेली आहे.