हरलेला गडी कुठे जातो?

मंडळी, खेळांवर बोलायला बोलावलं की विक्रमांबद्दल, पदकांबद्दल बोलायचं असा रिवाज आहे. मला आज बोलायचंय ते ज्या खेळांना कुणी पदक देत नाही त्यांच्याबद्दल. चाळीच्या गॅलरीतला कॅरम, लोकलमध्ये चौघांच्या मांड्यांवर बॅग आडवी टाकून रंगणारे पत्ते, वांद्रे-अंधेरीच्या कॅफेंत शनिवार-रविवारी एकमेकांना न ओळखणारी तरुण मंडळी टेबलाभोवती जमून खेळतात ते बोर्ड गेम. अशा कुठल्याही अड्ड्यावर गेलो की मी एकच गोष्ट बघतो. हरलेला माणूस कुठे जातो? तो तिथेच घुटमळला तर अड्डा टिकतो. तो चपला घालून घरी जायला लागला, की काही महिन्यांत जिंकणाऱ्यांनाही भिडू मिळत नाही.

गिरगाव-लालबागच्या चाळींमध्ये तुमच्यापैकी अनेकांचं बालपण गेलंय, तेव्हा कॅरमचा अड्डा डोळ्यांसमोर आणा. बोर्डावर हातभर उंचीवर बल्ब, त्याला पुठ्ठ्याची टोपी, पावडरीने पांढरे झालेले सगळ्यांचे हात. हरलेली जोडी उठायची, नंबर लावलेली जोडी बसायची. पण उठलेले दोघे जायचे नाहीत, जिंकणाऱ्याच्या पाठीमागे उभे राहायचे. कारण दोन बोर्डांनी पुन्हा त्यांचा नंबर. आणि खरा कॅरम शिकला जायचा तो असा पाठीमागे उभं राहून. एखादा आठ-दहा वर्षांचा पोरगा आधी नुसत्या सोंगट्या गोळा करून द्यायचा. राणी घेतली की लगेच आपली सोंगटी घालून कव्हर करावं लागतं, नाहीतर राणी परत मध्यावर येते, हे त्याला कुणी समजावून सांगितलेलं नसायचं. ते त्याने शंभरदा पाहिलेलं असायचं. मग एके दिवशी चौथा भिडू यायचा नाही आणि हाच पोरगा स्टुलावर चढून बसायचा.

आता गणपतीतली स्पर्धा घ्या. बाद पद्धतीने. एकेरीत ३२ नावं आली तर पहिल्या फेरीतच १६ जण बाहेर. म्हणजे निम्मे लोक एकेक सामना खेळून संपले, आणि हे निम्मे कोण? ज्यांना खेळायची सगळ्यात जास्त गरज होती ते. स्पर्धेला माझा विरोध नाही. या शहरातले उत्तम कॅरमपटू अशाच स्पर्धांतून वर आले. पण वर्षभराच्या जमण्याला स्पर्धेचं वळण लावू नका, एवढं मी कळकळीने सांगतो. बुद्धिबळवाल्यांनी यावर फार पूर्वी तोड काढली. १८९५ साली झुरिकमधल्या स्पर्धेत वापरली गेलेली स्विस पद्धत अशी आहे की कुणी बाद होतच नाही. हरलेल्याची गाठ पुढच्या फेरीत हरलेल्याशी घालून देतात, आणि शेवटच्या फेरीपर्यंत सगळे पटावर असतात.

आपल्या मातीतल्या खेळांनीही हाच प्रश्न सोडवलाय. कबड्डीचे जुने तीन प्रकार आठवा. गामिनीत बाद झालेला गडी बाहेरच, अख्खा संघ बाद होईपर्यंत. संजीवनीत समोरचा एक बाद झाला की आपला एक जिवंत. अमरमध्ये तर बाद गडी मैदानाबाहेर जातच नाही, समोरच्याला गुण मिळतो आणि खेळ चालू राहतो. आज नायगावात, प्रभादेवीत मंडळांच्या मैदानांवर जी कबड्डी खेळली जाते तिने संजीवनीतलं जिवंत होणं ठेवलं. रेषेबाहेर बसलेला गडी पुढच्या चढाईला आत येऊ शकतो, म्हणून तर तो बाहेरून घसा फोडून ओरडत असतो.

पत्त्यांतलं पाच-तीन-दोन मला याच कारणासाठी फार आवडतं. तिघं जण, तीस पत्ते, प्रत्येकाला दहा. हुकूम बोलणाऱ्याने पाच हात करायचे, वाटणाऱ्याने दोन, उरलेल्याने तीन. तुमचे हात कमी पडले तर पुढच्या डावात ज्याचे जास्त झालेत तो तुमचे पत्ते ओढतो. म्हणजे तुमचं हरणं पुढच्या डावात उधारीसारखं जमा होतं आणि ती फेडायला तुम्हाला बसावंच लागतं. शिवाय वाटणी फिरते, त्यामुळे आत्ता पाचाचा भार ज्याच्या डोक्यावर आहे त्याला पुढे दोनच करायचेत. उठायची सोय कुणाला ठेवलेलीच नाही.

याउलट आपला ‘व्यापार’. एकदा दिवाळं निघालं की बसा तोंड पाहत, बाकीचे तासभर भाडी वसूल करत राहणार. घरातलं सगळ्यात धाकटं पोर रडतं ते इथेच. जर्मनीत १९९५ साली आलेला ‘कटान’ कॅफेंमध्ये इतका का चालतो, याचं एक कारण उघड आहे. त्यात शेवटपर्यंत कुणी बाहेर जात नाही, आणि फासे दुसऱ्याने टाकले तरी त्या आकड्यावर तुमची वस्ती असेल तर माल तुम्हालाही मिळतो.

मंगळागौरीबद्दल एकच. फुगडी घालणारी दमली की बाजूला होते, दुसरी पुढे येते, रात्र सरते. हल्ली ठरवलेला गट येऊन खेळ करतो आणि घरच्या बायका खुर्च्यांवर बसून बघतात. ते खेळ सुंदरच असतात. तरी शेवटचा अर्धा तास खुर्च्या हलवा आणि सगळ्यांना झिम्म्याला उभं करा.

आणि जागा. चाळ पाडून टॉवर झाला की कॅरम ‘गेम रूम’मध्ये जातो. खोली छान असते, एसी असतो, किल्ली वॉचमनकडे, आणि खेळायचं तर आधी नाव नोंदवायचं. गॅलरीत माणूस दूध आणायला जाताना थबकायचा. बंद दारासमोर कोण थबकणार? अड्डा जाण्यायेण्याच्या वाटेवर हवा, दार उघडं हवं. प्रवेश फी नको, बक्षीस नको, पैसे लावून खेळणं तर नकोच. वार आणि वेळ मात्र पक्की, दोघंच आले तरी. आणि जाणत्यांपैकी एकाने पहिला डाव न खेळता नवख्याच्या शेजारी बसायचं, त्याचा पहिला डाव उघड्या पत्त्यांनी होऊ द्यायचा. हे सगळ्यात अवघड काम आहे, कारण चांगल्या खेळणाऱ्याचे हात शिवशिवत असतात.

मघाशी तुमच्या कार्यवाहांनी सांगितलं की खालचा वाचनकक्ष गुरुवारी संध्याकाळी सातनंतर रिकामा असतो आणि त्याचं दार रस्त्यावर उघडतं. एक कॅरम बोर्ड, पत्त्यांचे दोन कॅट, एक बुद्धिबळाचा पट, इतक्यावर सुरुवात होईल. बोर्ड माझ्याकडून. पहिल्या गुरुवारी नवख्यांजवळ कोण कोण बसणार, त्यांनी हात वर करा, म्हणजे नावं लिहून घेतो.