कडा फाटलेली भाकरी

श्रोतेहो, नमस्कार.

1988 सालच्या मे महिन्यात मी पहिल्यांदा सोलापूर स्टेशनवर उतरले. कडेवर दोन वर्षांचा मुलगा, हातात स्टोव्हची पिशवी आणि वर आग ओकणारं ऊन. यांची रेल्वेत बदली झाली होती. मी श्रीरामपूरजवळच्या हरेगावची. तिथं सप्टेंबरात मतमाउलीची, म्हणजे येशूची आई मारिया हिची, यात्रा भरते, लांबलांबून लोक पायी येतात, आमच्या अंगणात पंगतीवर पंगती उठायच्या. असल्या भरल्या घरातून मी क्वार्टरच्या दोन खोल्यांत येऊन पडले. एका बाजूला तेलुगू बिऱ्हाड, दुसऱ्या बाजूला कानडी. माणसं जिवाला जीव देणारी, हे पुढं कळलं. पण तेव्हा यांची रात्रपाळी असली की घड्याळाच्या टिकटिकीशिवाय घरात दुसरा आवाज नसायचा.

पहिल्या रविवारी चर्चमध्ये अगदी शेवटच्या बाकावर बसले. जे श्रोते ख्रिस्ती नाहीत त्यांच्यासाठी सांगते, मिस्सा ही आम्हा कॅथलिकांची मुख्य उपासना. ख्रिस्तशरीर, म्हणजे आशीर्वादित भाकर, स्वीकारण्याच्या थोडं आधी तिच्यात शेजारच्याला शांती देण्याचा क्षण येतो. आपल्याकडे आम्ही हात जोडून एकमेकांना वाकून नमस्कार करतो. माझ्या शेजारी एक ठेंगणी, काळीसावळी तमिळ बाई होती. तिनं हात जोडले, आणि मिस्सा संपल्यावर मोडक्या मराठीत विचारलं, "बाळ काय खाल्ला?" मी नुसतं बघत राहिले. हरेगाव सोडल्यापासून माझं लेकरू जेवलं का, हे मला कुणी विचारलं नव्हतं.

ती आमची अक्का. दोन वर्षांनी मुलगी झाली, तेव्हा बाप्तिस्म्याला धर्ममाता तीच उभी राहिली. धर्ममाता किंवा धर्मपिता व्हायला वयाची सोळा वर्षं पूर्ण लागतात, आणि मुलाचे स्वतःचे आईबाप धर्ममातापिता होऊ शकत नाहीत, असा चर्चचा नियम आहे. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. जन्मदात्यांच्या पलीकडचं कुणीतरी त्या बाळासाठी शब्द देतं आणि त्या दिवसापासून बांधलं जातं. अक्कानं तो शब्द पाळला. मुलीच्या दहावीच्या पेपरांच्या आधी पहाटे पाचला येऊन ती जपमाळ हातात घेऊन आमच्या पायरीवर बसायची. आत ये म्हटलं तरी यायची नाही, मुलीचा अभ्यास मोडेल म्हणून.

एका चर्चभोवतीच्या भाविकांच्या समुदायाला इंग्रजीत पॅरिश म्हणतात, त्याला आम्ही मराठीत धर्मग्राम म्हणतो. एका फादरांनी प्रवचनात सांगितलं होतं की पॅरिश हा शब्द मूळ ग्रीक परोइकियापासून आला. परमुलखात बिऱ्हाड करून राहिलेली माणसं, असा त्याचा जुना अर्थ. त्या दिवशी मी मान वळवून आमच्या चर्चमधले बाक बघितले. कुणी नगरकडचं, कुणी तमिळ, कुणी केरळचं, कुणी गोव्याकडचं. कुणाला रेल्वेनं आणलं, कुणाला दवाखान्याच्या नोकरीनं. यजमान असं कुणीच नव्हतं, सगळेच मुक्कामाला आलेले. चर्चच्या कायद्याची 1983 ची संहितासुद्धा धर्मग्रामाची व्याख्या इमारतीवरून करत नाही, विश्वासणाऱ्यांचा समुदाय अशीच करते. आणि फादरांनी आपली माणसं ओळखावीत, घरोघरी जावं, मरणाच्या दुःखात तर जावंच जावं, असंही तिच्यात लिहिलं आहे.

आता कुटुंब म्हटलं की भाऊबंदकी आली. ती आमच्यातही झाली, आणि तिच्यात मी पुढं होते.

1960 च्या दशकात जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं लोकांच्या भाषांना उपासनेचं दार उघडलं. त्याआधी मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची. फार मोठी गोष्ट झाली ती. पण आमच्यासारख्या मिश्र धर्मग्रामात प्रश्न आला, कुणाची भाषा? एका नाताळात मध्यरात्रीच्या मिस्साला गाणी मराठी की इंग्रजी, यावरून वाद पेटला. गायनवृंदाच्या बाई गोव्याकडच्या. मी भरल्या सभेत त्यांना बोलू नये ते बोलले. त्यांनीही उत्तर दिलं. त्यानंतर मी त्यांना ताई म्हणायचं सोडलं आणि 'मॅडम' म्हणायला लागले. दोन वर्षं. त्या दोन वर्षांत दर रविवारी शांती द्यायची वेळ आली की मी हात जोडायचे ते दुसऱ्या बाजूला वळून. आज हे सांगताना जड जातं.

2009 च्या फेब्रुवारीत हे गेले. रात्रीत, छातीत कळ येऊन. दुसऱ्या दिवशी मातीहून आलो. घरात चूल नव्हती. आपल्याकडे अशा घरी शेजारपाजारचे पिठलं-भाकरी आणतात, ते तुम्हाला सांगायला नको. दार वाजलं. दारात त्या बाई, हातात डबा. झाकण काढलं तर वर भाकऱ्या. एकीची कड फाटलेली, एक मध्ये जाड आणि टोकाला करपलेली, एकीवर पाचही बोटांचे ठसे. बाईंनी उभ्या जन्मात ज्वारीची भाकरी थापली नव्हती. पीठ मळायला गरम पाणी लागतं, हेसुद्धा त्यांनी सकाळी शेजारणीला विचारलं होतं. हाताला चटका बसला होता, त्यावर हळद लावलेली. मी त्यांचा तो हात धरला आणि म्हटलं, "ताई." पुढं काही बोलता आलं नाही.

ती करपलेली भाकरी मीच खाल्ली.

आमच्यात कुणी एकटं पडतच नाही, असं मी म्हणणार नाही. एक म्हातारे काका यायचे बंद झाले, आणि आमच्या ध्यानात यायला तीन महिने लागले. तोवर ते अंथरुणाला खिळले होते. तेव्हापासून आम्ही वही ठेवली. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांच्या घरी ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सातली तीच आशीर्वादित भाकर, नेतात, त्या फेरीत दोघी जणी सोबत जातो आणि औषधं आहेत का, गॅस आहे का, मुलाचा फोन आला का, हे विचारून येतो. काकांच्या घरी मी त्यांची नखं कापून द्यायचे. ते म्हणायचे, "पोरी, हळू." बापानंतर मला पोरी म्हणणारे तेच.

डिसेंबरात चर्चमध्ये गव्हाणी, म्हणजे येशूजन्माचा देखावा, करतो. छपराला सोलापुरी ज्वारीचा कडबा. पोरं पंधरा दिवस आधी पत्र्याच्या डब्यांच्या झाकणांत गहू पेरतात, त्याचं हिरवं रान गव्हाणीपुढं मांडतात. गाणी आता मराठी, इंग्रजी, तमिळ, सगळीच होतात. ताई मला सूर देतात, मी त्यांना मराठीतले 'ळ' आणि 'ण' शिकवते.

दोन नोव्हेंबर हा आमचा सर्व मृतांचा दिवस. आदल्या दिवशी खुरपी, झाडू, पाण्याचे कॅन घेऊन आम्ही कबरस्तानात जातो. यांच्या कबरीशेजारीच अक्काची कबर आहे. तिकडं मागच्या भिंतीला काही जुन्या कबरी आहेत. नावं पुसलेली, वारस गावात नाहीत, कदाचित देशातही नसतील. गेल्या वर्षी माझी नात माझ्यासोबत होती. आपल्या माणसांच्या कबरींवर झेंडू वाहून झाला तरी तिच्या टोपलीत फुलं उरली. तिनं भिंतीकडं बोट दाखवून विचारलं, "आजी, ते कोणाचे?"

मी म्हटलं, "आपलेच."

ती टोपली घेऊन पळत गेली. ताईंनी मागोमाग मेणबत्त्या नेल्या.